येवल्याच्या स्प्रिंगा

इंदिरानगर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

ती. काळूकाकांना वेदिकाचा वाकून नमस्कार. काकूलाही सांगा.

मागच्या वेळी फोनवर मी घसा फाडून बोलत होते आणि तुम्ही "हो, हो" म्हणत होतात. शेवटी काकूने फोन घेऊन सांगितलं, "यांना काही ऐकू गेलेलं नाही, उगाच माना डोलावतायत." मेसेजची अक्षरं तुम्हाला बारीक दिसतात. म्हणून हे पत्र, आणि सोबतचा डबा. दोन्ही एसटीच्या पार्सलने पाठवतेय.

डब्यात सहा स्प्रिंगा आहेत. हसू नका. मी दोन वर्षांपासून रिमोटवर चालणारा ट्रक शर्यतीत पळवते. खेळणं नाही ते. लांबी हातभर, वजन चार किलो, चारही चाकांना वेगवेगळे शॉकअप, आणि वेग असा की माणूस मागे धावू शकणार नाही. गंगापूर रोडला एका जुन्या द्राक्षबागेच्या जागेवर आमच्या क्लबने मातीचा ट्रॅक केलाय. मी दिवसभर अंबडच्या कंपनीत ड्रॉइंगं काढते आणि रोज सकाळी सात वाजता ट्रॅकवर हजर असते. आई म्हणते की एवढ्या नेमाने मी शाळेतही गेले नव्हते.

आता मुद्दा. मे महिन्यात कोइमतूरला देशभरातले ट्रक येणार आहेत. नाशिकमधून दोघेच जाणार. पहिली जागा ललितची, त्याबद्दल वाद नाही, तो चार वर्षं पहिला येतोय. दुसरी जागा सोळा मार्चच्या शर्यतीवर ठरेल आणि ती मला हवीय. ट्रॅकच्या मध्यावर एक मोठा उंचवटा आहे. तिथून ट्रक हवेत जातो आणि खाली येतो, तेव्हा माझं गणित बिघडतं. बाजारात तीनच प्रकारच्या स्प्रिंगा मिळतात. मऊ लावली तर ट्रकचं पोट जमिनीला आपटतं. मध्यम लावली तर पडल्यावर तो आणखी दोनदा उडतो आणि तेवढ्यात मागचे पुढे जातात. कडक लावून पाहिली तर सरळ उलटाच झाला.

मला वाटतं, कडकपेक्षाही कडक हवी. तुम्ही सातपूरच्या कंपनीत बत्तीस वर्षं स्प्रिंगा वळल्यात आणि घरी हाताने फिरवायचं मशीन अजून आहे. द्याल वळून?

तुमची,
वेदिका

*

येवला
२० जानेवारी २०२५

चि. वेदिका, काका-काकूचे आशीर्वाद.

डबा संक्रांतीच्या दिवशी आला. गावात तीन दिवस पतंगांचा धुमाकूळ होता आणि मी एकटा शहाणा गच्चीवर न जाता तुझ्या स्प्रिंगा दाबत बसलो होतो.

पहिले दोन दिवस माझे फुकट गेले. ट्रक म्हणालीस म्हणून मी माल धरून हिशेब करत होतो. चार किलोच्या गाडीत निदान किलोभर माल असेल, तो पुढे की मागे, हे तू लिहिलंच नव्हतंस. तुला रागावून पत्र लिहायला घेतलं, तेव्हा तुझी काकू म्हणाली, "अहो, ती शर्यत आहे, तिथं काय कांदे नेत्यात का?" रिकामा ट्रक पळवायचा, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. पण बसली, आणि मग सगळं लख्ख दिसलं.

तुझं निदान साफ चुकलंय. रिकाम्या गाडीला कडक स्प्रिंग घातली की ती उडणारच. कॉलेजात शिकलीस तरी दोन कामांची गल्लत केलीस. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं. पेललेलं वजन परत वर किती जोरात फेकायचं, हे ठरवायचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. तू तेलाचा दोष स्प्रिंगच्या माथी मारतेस. तुला मऊ आणि मध्यम यांच्या मधली स्प्रिंग हवी आणि आताच्यापेक्षा दाट तेल हवं.

आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी तुझ्या स्प्रिंगा दहा मिलिमीटर दाबून पाहिल्या. मऊ पाचशे साठ ग्रॅम दाखवते, मध्यम सातशे वीस. मी सहाशे चाळीसच्या चार वळून पाठवतोय. तार गुंडाळली, ओव्हनमध्ये भाजली, पूर्ण दाबून बसवली. आता त्यांची उंची जन्मात कमी होणार नाही. लाव आणि कळव. बक्षीस मिळालं की माझं नाव सांगायला विसरू नकोस.

काका

*

नाशिक
२८ जानेवारी २०२५

ती. काका,

कडकपेक्षा कडक स्प्रिंगचं मी जे लिहिलं ते मागे घेते. तुमचं निदान शंभर टक्के बरोबर. दाट तेल भरलं, तुमच्या स्प्रिंगा लावल्या, आणि ट्रक उंचवट्यावरून आला तो जमिनीला धरून बसला. एकदाही उडी नाही. ललित लांबून बघत होता, जवळ आला नाही, पण बघत होता.

आता तक्रार. खाली आल्यावर ट्रक दर वेळी डावीकडे ओढतो. आधी वाटलं माझाच हात चुकतोय. मग चाकं पाहिली, दांड्या पाहिल्या, सगळं सरळ. शेवटी स्प्रिंगा काढून मोजल्या. पुढच्या जोडीत एक सहाशे दहा दाखवते आणि दुसरी सहाशे ऐंशी. मागच्या जोडीतही चाळीसचा फरक आहे. वेढेही एकसारखे नाहीत, एकीकडे दाट, एकीकडे विरळ.

तुमच्यासारख्या माणसाकडून असं कसं झालं? घाईत वळल्यात का? सावकाश वळा, माझ्याकडे दीड महिना आहे.

वेदिका

*

येवला
२ फेब्रुवारी २०२५

चि. वेदिका,

तुझा काटा तपासून घे. स्वस्तातले काटे पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे दाखवतात. मी स्प्रिंगा वळायला लागलो तेव्हा तुझा बाप हाफ पँटीत होता. माझ्या हातच्या जोडीत फरक निघाला असं कंपनीत कुणी म्हटलं नाही.

बाजारात मिळतात त्यात भागव.

काका

*

नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

तुमचं पत्र सहा ओळींचं होतं आणि त्यात आशीर्वाद नव्हते. म्हणजे तुम्ही खरंच रागावलात.

काटा मी तपासला. कंपनीच्या लॅबमधल्या प्रमाणित वजनांवर तपासला, दोन ग्रॅमचा फरक आहे. माझी मोजणी बरोबर आहे आणि मी ती मागे घेणार नाही, कारण खोटं बोलून ट्रक सरळ जात नाही. पण मी ज्या सुरात लिहिलं तो सूर वाईट होता. त्याबद्दल माफी मागते, मनापासून.

बाजारातल्यांनी भागत नाही, हे तुम्हीच मला समजावलंत. आता समजावून झाल्यावर मला वाऱ्यावर सोडू नका. मला दुसरी जागा हवीय आणि ती मिळवायची ताकद माझ्यात आहे. फक्त चार स्प्रिंगा सारख्या हव्यात. महिनाभर राहिलाय. रुसवा सोळा मार्चनंतर धरा, मी येवल्याला येऊन तुमच्यासमोर उभी राहीन.

तुमचीच,
वेदिका

*

येवला
१९ फेब्रुवारी २०२५

चि. वेदिका, दोघांचे आशीर्वाद.

चार स्प्रिंगा पाठवल्यात. प्रत्येक जोडी रेशमाच्या धाग्याने बांधलीय, लाल ती पुढची, हिरवी ती मागची. जोड्या फोडून मिसळू नकोस.

एक गोष्ट मला आता सुचली, ती आधीच सुचायला हवी होती. तू सकाळी सातला ट्रक पळवतेस. शर्यत किती वाजता? तू पाठवलेल्या शर्यतीच्या पत्रिकेत दुपारी दोन लिहिलंय. फेब्रुवारीच्या सकाळी नाशकात स्वेटर लागतो आणि मार्चच्या दुपारी टाळू तापते. सकाळी जे तेल दाट वाटतं ते दुपारी पातळ होतं. तू आतापर्यंत जे जमवलंस ते सगळं थंडीत जमवलंस. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी जाऊन बघ, ट्रक पुन्हा उडायला लागेल. मग आणखी एक पायरी दाट तेल भर. सकाळी ट्रक जरा जड वाटला तरी वाटू दे, तुला सकाळी शर्यत जिंकायची नाहीये.

तुझी काकू विचारते, ट्रकचा रंग कोणता.

काका

*

नाशिक
२७ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

ट्रक पिवळा आहे, काकूला सांगा, झेंडूसारखा.

तुम्ही कमाल केलीत. पुढच्या दोन सहाशे एक्केचाळीस आणि सहाशे त्रेचाळीस. मागच्या दोघींत फरक तीन ग्रॅमचा. बाहेरून येणाऱ्या महागड्या स्प्रिंगांमध्ये याहून जास्त फरक असतो, मी मोजलाय. वेढे असे की पट्टी लावून काढल्यासारखे. रागाच्या भरात तुमचा हात आणखी चांगला चालतो, हे मला माहीत नव्हतं.

दुपारचंही तुमचंच खरं ठरलं. रविवारी दोन वाजता गेले तर ट्रक चेंडूसारखा टप्पे खात होता. दाट तेल भरलं आणि शांत झाला. क्लबमध्ये सगळे सकाळी सरावाला येतात, कारण दुपारी शेजारची पोरं तिथं क्रिकेट खेळतात. म्हणजे सगळ्यांचंच गणित थंडीतलं आहे. मी कुणाला सांगितलं नाही. त्यात थोडा दुष्टपणा आहे, पण शर्यत आहे.

आता एक काम करावं लागेल. आमचे तांत्रिक प्रमुख शेखर सर म्हणाले, "इतक्या सारख्या स्प्रिंगा हाताने वळल्यात यावर माझा विश्वास बसत नाही." नियम असा आहे की स्वतः बनवून घेतलेला भाग लावायचा असेल तर बनवणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहायचं आणि त्या माणसाने तपासणीच्या दिवशी सर्वांसमोर एक नग बनवून दाखवायचा. नाहीतर बाजारातल्याच लावायच्या. तपासणी पंधरा मार्चला, शनिवारी. मी सगळ्यांना सांगून टाकलंय की माझे काका येतायत, बघाच. सकाळच्या गाडीने निघा, मी ठक्कर बाजारला घ्यायला येते. मशीन सोबत आणा.

वेदिका

*

येवला
४ मार्च २०२५

चि. वेदिका,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. अक्षर वाकडं आहे, ते का ते पुढे कळेल.

त्या स्प्रिंगा मी वळलेल्या नाहीत. तुझ्या काकूने वळल्यात.

दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही, पण थांबणार नाही. तुझी काकू चहाचा कप अर्धाच भरते. तुझा पहिला डबा आला तेव्हा मला वाटलं, मशीनवर बसलो की हात आपोआप ठिकाणावर येईल. चार स्प्रिंगा वळायला मला तीन दिवस लागले. त्या वाईट होत्या. पार्सल करायच्या आधी मी मोजल्या होत्या आणि तरी पाठवल्या, तुला कळणार नाही असं समजून. तुझा काटा खोटा नव्हता. मी खोटा होतो.

तुझं माफीचं पत्र काकूने वाचलं. मला म्हणाली, "सरका." तिने चाळीस वर्षं मागवाल्यांसाठी रेशमाच्या कांड्या भरल्यात. तुला माहीत आहे, कांडी सैल भरली की पैठणीचं काम बिघडतं आणि घट्ट भरली की धागा तुटतो. डाव्या हाताने तार दोन लाकडांत धरली, उजव्याने दांडा फिरवला, आणि वेढ्यामागे वेढा असा बसत गेला की मी बघत राहिलो. मी फक्त तार निवडली, भाजली आणि काट्यावर ठेवली. आणि तुला लिहिताना "मी" लिहिलं नाही, एवढीच सावधगिरी बाळगली.

आता ऐक. काकू पंधराला येईल. पण फॉर्मवर माझं नाव राहू दे. काकांचा हात दुखावलाय म्हणून काकू करून दाखवतेय, असं सांग. माझी कंपनीतली बत्तीस वर्षं तेवढीच आहेत माझ्याजवळ. कंपनीतले दोघेतिघे जुने लोक नाशकातच राहतात, त्यांच्या कानावर जाईल. एवढं कर माझ्यासाठी.

काका

*

नाशिक
७ मार्च २०२५

ती. काका,

नाही.

हे लिहिताना मला रडू येतंय, पण उत्तर नाही असंच आहे. फॉर्मखाली मला सही करायची आहे की वरची माहिती खरी आहे. मी तिथं काकूचं नाव, सगुणाबाई, असं लिहिलंय. तुम्हाला ते नको असेल तर काकूला पाठवू नका. मी बाजारातल्या मध्यम स्प्रिंगा लावून उतरेन, दोनदा उडेन आणि जागा जाईल. ते मी सोसेन. तुमच्या नावावर काकूचं काम खपवणं मला जमणार नाही, आणि तुम्हालाही नंतर ते पचणार नाही. पचलं असतं तर तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं.

तुमची बत्तीस वर्षं कुठं गेलेली नाहीत. वजन पेलणं वेगळं आणि उडी थांबवणं वेगळं, हे तुम्ही सांगितलंत. दुपारच्या तेलाचं तुम्ही सांगितलंत, येवल्यात बसून, ट्रक डोळ्यांनी न बघता. ललितला ते अजून सुचलेलं नाही. हात थरथरतो त्याची लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे?

काकूला विचारा. शनिवारी दहा वाजता मी ठक्कर बाजारला उभी असेन. गाडीतून कुणी उतरलं नाही तरी तुमच्यावर रागावणार नाही.

वेदिका

*

नाशिक
१७ मार्च २०२५

अहो,

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चष्मा लावून वाचा.

शनिवारी डेपोवर तुम्ही मशीन गोणपाटात बांधून माझ्या पायाशी ठेवलंत आणि एक शब्द बोलला नाहीत. मी समजले की तुमची परवानगी आहे. नसती तरी आले असते. पोरगी दहा वाजता स्टँडवर उभी राहणार म्हणाली होती आणि ती खरंच उभी होती, नऊपासून.

तपासणीच्या जागी एका टेबलाला मशीन पक्कं केलं. भोवती वीस-पंचवीस माणसं. एकजण म्हणाला, "आजी, जपून, तार हाताला लागेल." मी म्हटलं, "बाबा, तूच जरा मागं सरक." वळली, तिथल्याच ओव्हनमध्ये भाजली, दाबून बसवली. शेखर सर नावाच्या माणसाने काट्यावर ठेवली आणि म्हणाला सहाशे सत्तेचाळीस, पास. मला काही ते पटेना. चाळीसची हवी होती. तुम्ही असतात तर ती उचलून भंगारात टाकली असती, आपल्या घरी सात टाकल्या तशी. मी म्हटलं, "सर, ही नापास. थांबा, दुसरी करते." दुसरी सहाशे एक्केचाळीस भरली. सर म्हणाले, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शिकवलं कुणी नाय. आमचे हे सातपूरला खोली घेऊन राह्यचे, शनिवारी घरी आले की रविवार सरेस्तोवर स्प्रिंगांचंच बोलायचे. मी कांड्या भरता भरता ऐकायचे. लय कंटाळा यायचा." माणसं हसली. मी हसले नाही, कारण ते खरं होतं.

मग फॉर्मवर माझं नाव वाचून दाखवलं. तुमच्या कंपनीतले वाळूभाऊ आले होते, ज्यांना कळू नये म्हणून तुम्ही दोन रात्री झोपला नाहीत. ते मला म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं सात ग्रॅमला नापास करणारा एकच माणूस होता." तुमची ओळख लोकांना आहे. तुमच्या हातावरून नाही, तुमच्या नापासावरून.

आता रविवारची शर्यत. दोन वाजता ऊन असं की छत्री धरली तरी डोकं तापत होतं. पिवळा ट्रक पहिल्या फेरीत पाचवा होता, माझा जीव खालीवर. पण चौथ्या-पाचव्या फेरीपासून बाकीच्यांचे ट्रक उंचवट्यावरून आले की थयथय नाचायला लागले. दोन तर उलटे पडले. तुम्ही म्हणाला होतात तेच, तेल पातळ झालं. आपला तेवढा येऊन जमिनीवर बसायचा आणि पुढं निघायचा. ललितच्या मागोमाग दुसरी आली. वेदिकाने रिमोट खाली ठेवला आणि आधी माझ्या गळ्यात पडली. मेमध्ये ती कोइमतूरला जाणार. ललित संध्याकाळी येऊन विचारत होता, तेल कोणतं भरलंस. ती म्हणाली, "माझ्या काकांना पत्र लिही. फोन करू नकोस."

तिची आई रंगपंचमी झाल्याशिवाय सोडत नाही, तेव्हा गुरुवारी निघते. वेदिकाला आणखी दोन जोड्या हव्यात. तार निवडून ठेवा, माझी नजर तारेत चालत नाही. दूध उतू घालवू नका. कप भरताना हात हलला तर हलू दे, फरशी पुसता येते.

हे सगळं घरी येऊन सांगितलं असतं. पण तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोललं की कौतुकसुद्धा भांडल्यासारखं वाटतं. म्हणून लिहिलं.

तुमची,
सगुणा